डाव्या पायाचा बूट

त्या नाट्यगृहात डावीकडच्या तिसऱ्या रांगेतल्या कोपऱ्याच्या दोन खुर्च्या कुणी आपणहून घेत नसे. तिथं बसलं की नटाचं वाक्य येण्याआधी विंगेतल्या प्रॉम्प्टरची कुजबुज ऐकू येते, ही जुनी तक्रार होती. पडदे बदलून झाले, विंगेला जाड कापड लावून झालं, पण आवाज कुठून तरी वाट काढायचाच. शेवटी त्या खुर्च्या विकायच्याच नाहीत असं ठरलं, आणि मंडळीतल्या लोकांच्या घरच्यांना त्या पासावर मिळू लागल्या.

मावशींच्या लेकीला मात्र त्याच हव्या असत. सात-आठ वर्षांची असताना ती म्हणाली होती, "आई, सगळं नाटक तूच बोलतेस. ते लोक नुसती तोंडं हलवतात." आता ती तीस वर्षांची होती, एका प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामावर होती, तिला चार वर्षांची मुलगी होती; पण नव्या नाटकाचा पहिला प्रयोग तिनं कधी चुकवला नाही आणि खुर्चीही बदलली नाही.

मावशी म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांच्याच मावशी. सकाळी कपडेपट सांभाळायचा, म्हणजे इस्त्री, उसवलेलं शिवणं, जाड्या नटाचा कोट बारक्याला बेतून देणं. आणि प्रयोगाच्या वेळी विंगेतल्या स्टुलावर मांडीवर संहिता घेऊन बसायचं. हातात छोटा टॉर्च. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. मुद्दाम थांबलेला नट आणि अडलेला नट यांतला फरक त्यांना नुसत्या श्वासावरून कळे. अडलेल्याला त्या फक्त पहिले दोन शब्द देत, तेही सपाट आवाजात. "आख्खं वाक्य दिलं की तो आपल्या सुरात बोलतो आणि मग नाटक आपलं होतं," असं त्या नव्या मुलींना सांगायच्या. "आपण नाटक करायचं नाही. आपण दोन शब्द द्यायचे आणि गप्प बसायचं."

गप्प बसण्यात मावशींचा हात कुणी धरला नसता.

त्या वर्षी मंडळीनं एक तरुण दिग्दर्शक आणला. हुशार होता, कामाला वाघ होता, पण त्याला एक खोड होती. प्रत्येक पात्राचं पूर्वायुष्य त्याला हवं असे. जे संहितेत नाही ते प्रत्येक नटानं वहीत लिहून आणायचं. पात्र कुठं जन्मलं, बाप काय करायचा, शेवटचं कधी रडलं. प्रकाशयोजनेवाल्यानं तिसऱ्या दिवशी त्याचं नाव 'पंचनामा' ठेवलं आणि ते चिकटलं. नाटकात एक पोस्टमन होता. दुसऱ्या अंकात यायचं, पत्र द्यायचं, जायचं. पंचनाम्यानं त्यालाही सोडलं नाही.

"तुम्ही घरातून निघताना बायकोशी काय बोललात?"

"अहो, मी पत्र देतो आणि जातो."

"पण कुणाचा म्हणून देता?"

"पोस्टाचा," पोस्टमन म्हणाला, आणि तालीम दहा मिनिटं हसण्यात गेली.

मुख्य नटीला मात्र हसू येत नव्हतं. तिचं काम एका आईचं होतं. लहान मुलगी नातलगांकडे ठेवून निघून गेलेली आणि पुष्कळ वर्षांनी परत आलेली बाई. संहितेत तिच्या तोंडी एवढंच होतं, "मी एकदा आले होते. दार वाजवलं नाही." का नाही वाजवलं, ते लेखकानं लिहिलेलं नव्हतं. नटी रोज वेगळं कारण आणायची. भीती वाटली. कुणी तरी अडवलं. पैसे नव्हते. पंचनामा रोज मान हलवायचा. "हे सगळं ऐकलेलं वाटतं. मला घडलेलं हवंय."

एका दुपारी ती कपडेपटात ब्लाउजचं माप द्यायला उभी होती. मावशी गुडघ्यांवर बसून तिच्या साडीचा काठ टाचत होत्या, तोंडात चार टाचण्या.

"मावशी, तुम्ही सांगा. एखादी बाई दारापर्यंत जाते आणि दार वाजवत नाही. का?"

मावशींनी एक टाचणी लावली, दुसरी लावली. मग उरलेल्या दोन तोंडातून काढून हातात धरल्या.

"दारापर्यंत गेलीच नसेल ती," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर थांबली असेल."

आणि मग सव्वीस वर्षांत जे भावाशी धड बोलल्या नाहीत, लेकीला तर नाहीच नाही, ते त्या एका नटीच्या पायाशी बसून सांगत गेल्या. सगळं 'असेल' लावून. बाईचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला असेल. ती सत्तावीस वर्षांची असेल. तिला गावोगाव फिरणाऱ्या मंडळीत कपड्यांचं काम मिळालं असेल, आणि खोलीची सोय होईपर्यंत आठ दिवस म्हणून तिनं मुलीला भावाकडे ठेवलं असेल. निघायच्या घाईत मुलीच्या एका बुटाचा पट्टा तुटला असेल, तो शिवू म्हणून बाईनं बूट पर्समध्ये टाकला असेल आणि तो तिथंच राहिला असेल. आठव्या दिवशी तो शिवलेला बूट घेऊन ती बसनं आली असेल. गल्लीच्या कोपऱ्यावरून तिला मुलगी दिसली असेल. पायरीवर बसलेली, मामीच्या मोठ्या चपला घातलेली, पाव खात.

"आणि?"

"रडत नव्हती. म्हणजे, नसेल. दहा मिनिटं बघितलं असेल तिनं. बस कोपऱ्यावर थांबलेलीच होती."

"मग परत कधी आली?"

"दोन वर्षांनी," मावशी म्हणाल्या आणि टाचण्या पुन्हा तोंडात घेतल्या.

सांगून झाल्यावर त्यांना पोटात हलकं हलकं वाटलं, ताप उतरल्यासारखं. परक्या बाईच्या नावावर आपलं खपवता येतं, हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

घरी जी हकिकत होती ती निराळी होती. आईला टायफॉइड झाला होता, मग अशक्तपणा आला, मग डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. भावानं ती हकिकत बिनबोभाट जपली. पोरीनं चौदाव्या वर्षी एकदा विचारलं होतं, "दोन वर्षं टायफॉइड असतो?" मावशी म्हणाल्या होत्या, "विचार मामाला." आणि बुटाचा घरात विनोद झाला होता. मामाकडे राहायला गेल्या गेल्या डावा बूट हरवणारी पोर. 'वेंधळी' हे नाव तिला तिथंच मिळालं. त्या वेंधळीनं पुढं जन्मभर प्रत्येक वस्तूला दोरी बांधली, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. आजही ती कुणाकडून निघताना दारातल्या चपला मोजायची, आणि सगळे हसायचे. मावशीही हसायच्या.

दुसऱ्या दिवशी नटीनं तालमीत ते सगळं आपलं म्हणून मांडलं. तिचं चुकलं असं नाही. तिला ते 'असेल' लावूनच मिळालं होतं. पंचनामा खुर्चीतून उठला. बूट. त्याला बूट फार आवडला. दहा मिनिटं मात्र नाही आवडली. "लोकांना कमी वाटतील. तासभर उभी होते, असं म्हणा." मावशींनी संहितेत पेन्सिलीनं 'तासभर' लिहून घेतलं.

नटी पर्समधून बूट काढायची आणि रडायची. विंगेतून मावशींना ते बघवेना. तीन दिवस त्या गप्प बसल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रडू नको गं. ती रडली नसेल."

सगळे वळले. विंगेतून आपणहून कधी आवाज आला नव्हता.

"मग काय केलं असेल?" पंचनाम्यानं विचारलं.

"पोर बरी आहे हे दिसलं ना तिला. हायसं वाटलं असेल. आता गेलं तरी चालेल असं."

पंचनाम्यानं ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं, "ती रडत नव्हती. आणि मला हायसं वाटलं." तो म्हणाला, "मावशी, हे अख्ख्या नाटकातलं एकमेव खरं वाक्य आहे." सव्वीस वर्षांत त्यांची एवढी वाहवा कुणी केली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना त्या दोन थांबे आधीच उतरल्या आणि चालत गेल्या. आनंद झाला होता, हे त्यांना नाकारता आलं नसतं. आपण काय दिलं हे त्यांच्या लक्षात यायला आणखी चार दिवस लागले.

कारण चार दिवसांनी लेक आली. तिला कामावरून दुसऱ्या शहरात शिकायला पाठवत होते. नवऱ्याची रात्रपाळी, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "आई, पुढच्या सोमवारपासून चिमणीला ठेवशील? आठ दिवस."

चिमणी म्हणजे नात. चार वर्षांत ती मावशींकडे एक रात्रही राहिली नव्हती. "तिला सवय नाही," असं लेक म्हणायची, आणि मावशी "बरोबर आहे" म्हणायच्या. त्या नकारात काय होतं ते दोघींनाही माहीत होतं. आणि आता तिनं आपणहून, तोच आकडा तोंडात घेऊन विचारलं होतं.

"ठेवीन की," मावशी म्हणाल्या. "त्यात काय."

त्या आठवड्यात त्यांनी मागच्या खोलीतल्या कपड्यांच्या ट्रंका हलवल्या. छोटा टॉवेल आणला, मोरीत पाय पुरावा म्हणून ठोकळा आणला, दाराच्या वरच्या कडीखाली आणखी एक कडी लावून घेतली, मग पोर आत कोंडून घेईल म्हणून ती काढून टाकली. रात्री तिला भीती वाटली तर कुठला दिवा लावायचा, यावर त्या अर्धा तास विचार करत बसल्या. आणि त्या विचारातच त्यांना तो रविवार आठवला. पहिला प्रयोग रविवारी चारला होता. लेक सोमवारी जाणार होती. रविवारी ती तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात बसणार, आणि नटी पर्समधून बूट काढणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचनाम्याला गाठलं. "बूट बरा नाही दिसत. टोपी घ्या. बाहुली घ्या."

"का?"

"लांबून दिसत नाही लोकांना."

"मावशी, बुटाशिवाय तो प्रसंग उभाच राहत नाही. एक बूट माणूस जपून ठेवतं म्हणजे दुसरा कुणाकडे तरी आहे. टोपीला ते नाही."

नटीला गाठलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच तर दिलात आणि तुम्हीच काढून घेता होय?" तेव्हा सांगता आलं असतं. हे माझं आहे, असं म्हटलं असतं तर त्या बाईनं लगेच सोडून दिलं असतं, एवढी ती चांगली होती. पण मग तिनं मावशींकडे ज्या नजरेनं बघितलं असतं ती नजर मावशींना नको होती. त्या म्हणाल्या, "नाही गं, मी आपलं सुचवलं." शेवटी त्यांनी सामानवाल्याला सांगून बूट बदलून घेतला. डाव्या पायाचा होता, त्याऐवजी उजव्या पायाचा ठेवायला लावला. बुडत्याला काय, काहीही पुरतं.

पास या वेळी मिळाले नाहीत, असंही लेकीला सांगून पाहिलं. ती हसली. "पास तर मी गुरुवारीच मंडळीच्या ऑफिसातून घेतले."

रविवारी पहिला अंक रंगला. दुसऱ्या अंकात पोस्टमन पत्र देऊन गेला, टाळी घेऊन गेला. मग तो प्रसंग आला. नटीनं पर्स उघडली, बूट काढला, पायरी, चपला, पाव, सगळं म्हटलं. "तासभर उभी होते," म्हटलं. "ती रडत नव्हती," म्हटलं. आणि थांबली.

ते थांबणं तिचं ठरलेलं होतं. पण ते लांबलं, आणि तिचा श्वास वर राहिला. अडलेल्याचा श्वास. मावशींच्या मांडीवर पान उघडं होतं. त्यांच्या मनात लख्ख आलं की पुढचं पान उलटावं, त्यातले दोन शब्द द्यावेत. ती तेच पकडेल आणि नाटक त्या वाक्यावरून उडी मारून पुढं जाईल. कुणाला कळणारही नाही. त्यांनी पान धरलंही.

पण तोंड सव्वीस वर्षं डोक्याला विचारत नव्हतं. ते बोलून गेलं. आणि दोन शब्द नाही, सपाटही नाही.

"आणि मला हायसं वाटलं."

क्षणभरानं नटीनं तेच म्हटलं, सुंदर म्हटलं.

प्रयोग संपल्यावर लेक नेहमीसारखी कपडेपटात आली. बाहेर बोळात हार-गुच्छ, हसणं, फोटो चालले होते. मावशी कोट हँगरला लावत होत्या.

"छान झालं," लेक म्हणाली.

"हो ना. दुसरा अंक जरा लांबला."

"उजवा होता तो बूट."

मावशींनी पुढचा कोट उचलला.

"माझा डावा हरवला होता."

"अगं, ते नाटकातलं आहे. त्या नटीनं आपलं—"

"आई, तिच्या आधी तुझा आवाज आला."

"ती अडली. मला द्यावंच लागतं."

"दोन शब्द देतेस तू. मी लहानपणापासून ऐकतेय. नेहमी दोन शब्द." तिनं टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली, झाकण नीट लावलं, परत ठेवली. "टायफॉइड झालाच नव्हता."

"नव्हता."

"बूट आहे अजून?"

"आहे. ट्रंकेत आहे. पट्टा तुटला होता त्याचा, मी तेव्हाच शिवून घेतला होता." हे बोलल्यावर आपण काय बोललो ते मावशींना कळलं, पण तोवर ते खोलीत पडलं होतं.

"मामीनं घर उलथंपालथं केलं होतं त्या बुटासाठी," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चिठ्ठी वाचावी तसं ती बोलत होती. "मला वाटायचं, बूट सापडला की तू येशील. मी रोज पलंगाखाली बघायचे. शाळेत जायला लागले तरी बघायचे. तू नुसतं एक पत्र टाकलं असतंस ना, बूट माझ्याकडे आहे म्हणून, तरी चाललं असतं. तू नसतीस आलीस तरी."

बोळातून पंचनामा आत डोकावला. "मावशी, ते वाक्य! समोर बायका रडत होत्या." मग लेकीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला कसं वाटलं?"

"खरं वाटलं," लेक म्हणाली.

तो खूश होऊन गेला. लेकीनं पर्स खांद्याला लावली.

"सोमवारचं मी बघते."

"अगं, मी सगळी तयारी केलीय. ठोकळा आणलाय, टॉवेल आणलाय. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आता—"

"सासूबाई ठेवते म्हणाल्यात. एक डोळा बांधलेला असला तरी दुसरा आहे, म्हणाल्या."

"तिला माझ्याकडे नकोच का मग? कधीच?"

"तिला सवय नाही," लेक म्हणाली. दाराशी सवयीनं थांबून तिनं खाली बघितलं, चपला मोजल्यासारखं, आणि गेली.

नाटक चाललं. पंचनाम्याची मुलाखत छापून आली. पात्राचा भूतकाळ नटानं स्वतःत खोल खणून काढावा लागतो, असं त्यात होतं. पुढच्या प्रयोगांना नटी त्या वाक्याला पुन्हा कधी अडली नाही.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. लेक परतली होती. प्रवास बरा झाला, शिकवणारे कंटाळवाणे होते, चिमणी जराही रडली नाही म्हणे. मावशी "बरं झालं" म्हणाल्या. मग दोघीही थांबल्या. लेकीचा श्वास मावशींना ऐकू येत होता, आणि तो मुद्दाम थांबलेल्याचा होता.

"एक विचारायचं होतं. नाटकात ती म्हणते, तासभर उभी होते. तू किती वेळ उभी होतीस?"

'तासभर' म्हणता आलं असतं. ते लिहिलेलंच होतं, पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात. पण या एका पोरीशी त्या आजवर एवढ्या वेळा खोटं बोलल्या होत्या, की निदान आता एकदा तरी खरं द्यावं असं त्यांना वाटलं.

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "बस थांबली होती."

"मग तास कुणी घातला?"

"दिग्दर्शकानं. दहा मिनिटं लोकांना कमी वाटतील म्हणाला."

पलीकडे चिमणी कुणाला तरी बूट घालायला बोलावत होती.

"बरोबर आहे त्याचं," लेक म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.